कर्जाचं टेबल मागून घे

अगं, "यंदा राहू दे ताई, पुढच्या वर्षी बघू" हे तुझं उत्तर मला पटलेलं नाही, म्हणून निवांत बसून हे लिहिते आहे. सरकारी बँकेत स्केल वनची अधिकारी म्हणून तू छान रुळली आहेस. काउंटरवरची गर्दी तू किती शांतपणे हाताळतेस ते मी पाहिलं आहे. तू रजेवर असलीस की पेन्शनची म्हातारी माणसं "मॅडम आल्या की येतो" म्हणून परत जातात. आणि तरीही स्केल टूच्या बढतीचं परिपत्रक निघालं की तू गप्प होतेस. तुझ्याबरोबर लागलेली मुलं फॉर्म भरून अभ्यासाला लागतात आणि तू म्हणतेस, "मला कुठे मॅनेजर व्हायचंय?"

व्हायचंय गं तुला. एखाद्या गरजू माणसाचा अर्ज नुसता पडून राहिला की तुझा जीव तुटतो. "मी असते तर हे असं केलं असतं," हे तू मला दर वेळी सांगतेस. ज्या बाईच्या मनात हे येतं तिनं त्या खुर्चीत बसायलाच हवं. मोठी जबाबदारी मागितली तर लोक आपल्याला हावरट म्हणतील, ही भीती आपल्या बायकांच्या मनात कुणी भरली कोण जाणे. शाखा सांभाळायची इच्छा असणं ही चांगली गोष्ट आहे, आणि ती मोठ्यानं बोलून दाखवण्यात काहीही वावगं नाही.

आता मुद्द्याचं बोलू. मॅनेजर म्हणजे नेमकं काय? शाखा उघडणं, बंद करणं, वरून आलेल्या मेलना उत्तरं देणं हे सगळं असतंच. पण गाभा वेगळा आहे. १९ जुलै १९६९ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९८०मध्ये आणखी ६ बँकांचं, ते बँकेचा पैसा शेतकऱ्यापर्यंत, छोट्या धंदेवाल्यापर्यंत पोचावा म्हणून. आजही बँकेच्या एकूण कर्जातलं ४० टक्के अग्रक्रम क्षेत्राला, त्या ४० टक्क्यांतच एकूण कर्जाच्या १८ टक्के शेतीला आणि १२ टक्के दुर्बल घटकांना द्यायचं, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. हे टक्के मुख्यालयात ठरतात, पण ते पुरे होतात ते कुठल्यातरी तालुक्याच्या गावी, एका मॅनेजरच्या टेबलावर. समोर बसलेल्या माणसाला पैसे द्यायचे की नाही, किती द्यायचे, कधी परत मागायचे, आणि तो अडचणीत आला तर काय करायचं, हे ठरवणं हे मॅनेजरचं खरं काम. बाकीची कामं शिकवायला शाखेत पुष्कळ जण असतात. हे काम स्वतः केल्याशिवाय येत नाही.

आणि नेमकं हेच काम आपल्या मुलींच्या हाती पडत नाही. नवी महिला अधिकारी शाखेत आली की तिला काय मिळतं? खाती उघडणं, केवायसी, लॉकर, कार्डांच्या तक्रारी, नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले. "मॅडम, तुम्ही आतलं बघा, बाहेरचं आम्ही करतो," हे वाक्य बहुतेक वेळा काळजीपोटीच म्हटलेलं असतं. ऊन, धूळ, मोटारसायकलवरून फिरणं, वसुलीतली वादावादी, यातून तिला वाचवावं असं सहकाऱ्यांना वाटतं. तिलाही बरं वाटतं. पण चार-पाच वर्षांनी तिच्याबरोबरच्या मुलानं पीककर्जापासून छोट्या कारखान्यापर्यंत शंभर प्रस्ताव हाताळलेले असतात आणि तिच्या फाइलीत "ग्राहकसेवा उत्तम" एवढाच शेरा असतो. मुलाखतीत विचारतात, "एखादं थकलेलं खातं तुम्ही कसं मार्गावर आणलंत?" मुलगा तीन गोष्टी सांगतो. मुलीकडे सांगायला काही नसतं, कारण तिला ते टेबल कधी मिळालेलंच नसतं. तिची कुवत कमी नव्हती, तिला संधी कमी मिळाली, आणि ती तिनं मागितली नाही.

म्हणून माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हे: कर्जाचं टेबल मागून घे. बढतीचा अभ्यास, मुलाखत, बदली या सगळ्यावर पुढे बोलतेच, पण सुरुवात इथून.

मागायचं कसं तेही सांगते. मार्चच्या गडबडीत मागू नकोस, तेव्हा कुणाला ऐकायला वेळ नसतो. एप्रिलमध्ये, नव्या वर्षाचं काम वाटताना मॅनेजरच्या केबिनमध्ये जा आणि सरळ सांग: "सर, मला यंदा कर्ज विभागात काम करायचं आहे. माझं सध्याचं काम मी अमक्याला शिकवते, महिनाभर दोन्हीकडे लक्ष ठेवते, तुमची अडचण होऊ देणार नाही." ठेवींचं टेबल कोण बघणार, ही त्यांची अडचण असणार. तिचं उत्तर तू आधीच घेऊन गेलीस की नकार देणं अवघड जातं. तरीही टाळाटाळ झाली तर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा नम्र मेल टाक, "आज बोलल्याप्रमाणे कर्ज विभागात काम करण्याची माझी इच्छा नोंदवत आहे." मेलमुळे नोंद राहते आणि पुढच्या वाटपात नाव आठवतं.

सुरुवात लहान कर्जांनी कर. सोनेतारणात कागदपत्रांची आणि मूल्यांकनाची शिस्त कळते. किसान क्रेडिट कार्डाच्या नूतनीकरणात सातबारा, आठ-अ आणि फेरफार वाचायला येतं, बोजा चढवणं म्हणजे काय ते कळतं. बचत गटाच्या कर्जात माणसं कळतात. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंतचं आणि किशोरमध्ये ५ लाखांपर्यंतचं कर्ज असतं, तिथे धंद्याचा हिशेब कळतो. हे चारही प्रकार वर्षभर मन लावून केलेस तर मोठ्या प्रस्तावाची भीती उरणार नाही, कारण आकडे वाढले तरी प्रश्न तेच राहतात: पैसा कशाला हवा आहे, परत कुठून येणार, आणि हा माणूस सांगतो ते खरं आहे का.

या प्रश्नांची उत्तरं टेबलावर बसून मिळत नाहीत. कोल्हापूरकडच्या शाखेत असताना म्हशींसाठीच्या कर्जाची पाहणी मी कशी करायची ते सांगते. दुपारी कधीच जायची नाही, संध्याकाळी धारेच्या वेळी जायची. तेव्हा सगळी जनावरं गोठ्यात असतात आणि घरचं माणूसही. आधी कानातल्या बिल्ल्याचा नंबर विम्याच्या कागदाशी ताडून बघायचा. मग वैरण किती साठवली आहे, पाणी कुठून येतं, गव्हाण कशी ठेवली आहे ते बघायचं. त्यानंतर दूध संस्थेची दहा-दहा दिवसांची बिलं मागायची: लिटर किती, फॅट किती, कापून हातात किती पडले. पुरुष मंडळी अंगणात खुर्ची टाकून बोलत असायची, पण मी गोठ्यात शिरून धार काढणाऱ्या बाईशी बोलायची. कुठली म्हैस गाभण आहे, कुठली आटली आहे, कुठल्या म्हशीच्या सडाला काही झालंय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. तिच्याशी बोलूनच कळायचं की दोन्ही म्हशी एकदम घ्यायच्या नाहीत. एक आता आणि दुसरी पाच-सहा महिन्यांनी घेतली की एक आटते तेव्हा दुसरी दुधात असते आणि हप्ता चुकत नाही. ही गोष्ट पुस्तकातही लिहिलेली आहे, पण गोठ्यात उभं राहून ऐकली की ती कायमची डोक्यात बसते.

बघ, इथे बाई असणं तुझ्या उपयोगी पडतं. पुरुष अधिकाऱ्याला अंगणातूनच परतावं लागतं, तू स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकतेस. घरातली बाई तुला खरं सांगते: पैसे लग्नाला हवे आहेत की ठिबकला, सावकाराचं काही देणं आहे का, मुलगा शहरातून पाठवतो का. तुझ्याकडे आहे ते वापर.

आता तुझी दुसरी भीती, जी तू बोलत नाहीस पण मला कळते. "मी कर्ज दिलं आणि उद्या ते थकलं तर? चौकशी लागली तर?" ही भीती खोटी नाही. स्टाफ अकाउंटेबिलिटी हा शब्द ऐकला की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो, आणि त्यापायी कितीतरी हुशार माणसं आयुष्यभर सही टाळत राहतात. पण नीट समजून घे. कर्ज थकणं हा गुन्हा नाही. पाऊस पडला नाही, भाव पडले, माणूस आजारी पडला, खातं थकणारच. विचारतात ते हे, की देताना तू काय बघितलंस आणि दिल्यावर काय केलंस. प्रामाणिकपणे घेतलेल्या निर्णयाला संरक्षण मिळावं म्हणून ५० कोटींपर्यंतच्या थकीत खात्यांसाठी सरकारी बँकांना २०२२च्या एप्रिलपासून एक ठरीव चौकट घालून दिलेली आहे. तिच्याबद्दलचं तुझ्या बँकेचं परिपत्रक काढून वाच, निम्मी भीती तिथेच जाईल.

उरलेल्या निम्म्या भीतीवर उपाय आहे लिहून ठेवणं. पाहणीला गेलीस, त्याच दिवशी टिपण लिही. काय पाहिलं, कुणाशी बोलले, बिलं कुठल्या महिन्यांची पाहिली, कर्ज का द्यावं किंवा का देऊ नये, सगळं. सिबिलचा अहवाल, वकिलाचा शोध अहवाल, पैसे वितरित झाल्यावर वस्तू खरंच घेतल्याचा पुरावा, सगळं फाइलीत हवं. आपला पासवर्ड कुणाला, अगदी सख्ख्या मैत्रिणीलाही, द्यायचा नाही. तिजोरीच्या दोन चाव्या दोन माणसांकडेच राहिल्या पाहिजेत, घाईच्या दिवशी एका खिशात जाता कामा नयेत. आणि कुणी वरून दबाव आणला की "हे आजच करा", तर शांतपणे म्हणायचं, "सर, करते, फक्त मला लेखी द्या." हे वाक्य आत्तापासून म्हणायची सवय कर. खुर्चीत बसल्यावर ते एकदम सुचत नाही.

कर्ज देण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते जपणं. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक होतं, पण चांगला मॅनेजर ९०व्या दिवसाची वाट बघत नाही. पहिल्या ३० दिवसांत, मग ६० दिवसांपर्यंत, मग ९०पर्यंत अशा पायऱ्यांनी ती यादी सिस्टिममध्ये दिसत असते. रोज सकाळी काउंटर सुरू व्हायच्या आधी पहिल्या पायरीवरची नावं बघायची आणि त्याच दिवशी फोन करायचा. पहिल्या आठवड्यात माणूस फोन उचलतो, दोन महिन्यांनी तोच माणूस उचलत नाही. अल्पमुदतीच्या पिकांना नियम वेगळा, तिथे दोन हंगाम मोजतात, म्हणून पीककर्जाचं कॅलेंडर वेगळं ठेवायचं. वसुलीला बाहेर जाताना एकटी जाऊ नकोस, सहकारी बरोबर घे, कुठे जाते आहेस ते शाखेत सांगून जा. वसुलीसाठी सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करायचे नाहीत, हा रिझर्व्ह बँकेनं वसुली एजंटांसाठी घालून दिलेला दंडक आपणही पाळायचा. कर्जदाराची इज्जत राखून बोललेलं पुढे कामाला येतं, हे मी कित्येकदा अनुभवलं आहे.

परीक्षांचं म्हणशील तर त्यात गूढ काही नाही. जेएआयआयबीचे, म्हणजे बँकरांच्या पहिल्या परीक्षेचे, ४ पेपर तू देऊन मोकळी हो, आणि लगोलग सीएआयआयबीला, म्हणजे पुढच्या परीक्षेला, बस. तिथे ४ पेपर सक्तीचे आणि १ निवडीचा. निवडीत ग्रामीण बँकिंग घे, तुला रोजच्या कामातही उपयोगी पडेल. पेपरात ५० गुण हवेत, किंवा एकाच वेळी सगळ्या विषयांत किमान ४५ आणि एकूण सरासरी ५० टक्के. वर्षातून दोनदा संधी असते. पगारात वाढ मिळते ती मिळतेच, शिवाय बढतीत या परीक्षांना वजन असतं. अभ्यासाला रात्रीचा वेळ ठेवू नकोस, दिवसभर आकडे बघून डोळे मिटायला लागतात. पहाटेचा एक तास ठेव, आणि घरात सगळ्यांना सांगून टाक की या तासात मला कुणी हाक मारायची नाही. पहिला आठवडा कुरकुर होईल, मग चहा कोण करतं ते त्यांचं त्यांना ठरवता येतं.

बढतीचे मार्ग कुठले ते मात्र ऐकीव माहितीवर ठरवू नकोस. बऱ्याच बँकांत ज्येष्ठतेची एक वाट असते आणि गुणवत्तेची, लवकर जाणारी दुसरी. लेखी परीक्षा, मुलाखत आणि मागच्या वर्षांचे शेरे यांना कुठे किती गुण, हे परिपत्रकात स्वच्छ लिहिलेलं असतं. वरच्या बढत्यांसाठी ग्रामीण किंवा निमशहरी शाखेत काही वर्षं काढल्याची अट असते. ती अट आत्ताच पुरी करून घेतलीस तर पन्नाशीत, घरी आईवडील थकलेले असताना बाहेरगावी जायची वेळ येणार नाही.

वर्षाअखेरीला स्वतःबद्दल लिहायचा तो फॉर्म तू कसा भरतेस ते मला दाखवलं होतंस. "सोपवलेली सर्व कामे निष्ठेने व वेळेत पार पाडली." अगं, हे तर सगळेच लिहितात. तिथे काम दिसलं पाहिजे. वर्षात किती प्रस्ताव केलेस, किती रकमेचे, त्यातले किती नियमित आहेत. किती बचत गटांची खाती जोडलीस. थकायला आलेली किती खाती मार्गावर आणलीस. तपासनिसांच्या अहवालातले किती आक्षेप तू निकालात काढलेस. यासाठी एक वही ठेव आणि दर शनिवारी त्यात चार ओळी लिही, नाहीतर मार्चमध्ये काही आठवत नाही. आणि "आम्ही केलं" लिहू नकोस, जे तू केलंस तिथे "मी" लिही. संघाचं श्रेय संघाला द्यायचंच, पण त्या फॉर्मवर तुझं नाव आहे.

मुलाखतीचंही तसंच. आपल्या शाखेच्या ठेवी किती, कर्जं किती, बचत आणि चालू खात्यांचा वाटा किती, थकबाकी किती, गेल्या वर्षीपेक्षा काय बदललं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. मग विचारतील, "तुम्हाला ही शाखा दिली तर पहिल्या तीन महिन्यांत काय कराल?" याचं उत्तर तुझ्या शाखेच्या गावावरून तयार कर: बाजारपेठ कशाची, कुठल्या गल्लीत कर्जं जातात, कुठल्या वाडीत आपली बँक पोचलेलीच नाही. जे माहीत नाही त्याला "माहीत नाही, बघून सांगते" म्हण, समोरची माणसं त्याच वाटेनं आलेली असतात, त्यांना थाप कळते. आणि एक प्रश्न बाईला हमखास येतो, "बदली झाली तर जाल ना?" तिथे अडखळायचं नाही. त्याचं उत्तर घरी आधीच ठरवून जायचं.

तर आता बदली. खरी गाठ इथेच आहे ना? माझ्या ओळखीतल्या किती हुशार बायकांनी क्लार्कची अधिकारी व्हायचं नाकारलं, अधिकाऱ्याची मॅनेजर व्हायचं नाकारलं, ते फक्त "बदली कुठे होईल देव जाणे" या एका वाक्यावर. त्यातल्या बहुतेकींनी बदलीचं धोरण वाचलेलंसुद्धा नव्हतं. तू वाच. महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो पतीच्या किंवा आईवडिलांच्या गावाजवळ नेमावं, अशी केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाची सूचना २०१४पासून आहे. ती हमी नव्हे, पण अर्ज करताना तिचा आधार घेता येतो. कुठल्या बढतीत विभागाबाहेर जावं लागतं, किती वर्षांनी परत मागता येतं, बँकेकडून घरभाड्याची काय सोय आहे, बढती नाकारली तर पुढे किती काळ बसता येत नाही, हे सगळं कागदावर आहे.

ते वाचून झालं की नवऱ्याशी बोल, आणि बोलताना "मी काय करू?" असं विचारू नकोस. "मला हे करायचं आहे, आपण ते कसं जमवायचं?" असं विचार. वही पुढ्यात घे. मुलगी कितवीत आहे, दहावीचं वर्ष कधी येतं, त्याआधी जाऊन परत येता येईल का. दोन घरांचा खर्च किती, पगारात वाढ किती. सासूबाईंकडे लक्ष द्यायला पगारी बाई ठेवायची तर किती. शनिवार-रविवार कोण प्रवास करणार, आणि दर वेळी तूच का. आकडे लिहिले की निम्मी धास्ती कमी होते, आणि उरलेल्या अडचणीवर नेमकं बोलता येतं. घरच्यांना नकार द्यायची संधी तू आधीच काढून घेतेस, स्वतःच नाही म्हणून टाकतेस. त्यांना एकदा विचारून तर बघ. कितीतरी घरांत सासूच म्हणते, "जा गं, मी आहे."

अरुंधती भट्टाचार्य १९७७मध्ये स्टेट बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागल्या आणि २०१३मध्ये त्या बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. बायकांना मुलांसाठी किंवा वडीलधाऱ्यांसाठी दोन वर्षांपर्यंत बिनपगारी रजा घेऊन परत येता यावं, ही सोय त्यांच्याच कारकिर्दीत झाली. रंजना कुमार यांनी २०००मध्ये तोट्यात रुतलेली इंडियन बँक हाती घेतली आणि ती नफ्यात आणली. त्यांच्याही नोकरीत बदल्या होत्या, घर होतं. तू अध्यक्ष हो असं मी म्हणत नाही. पण वर बाई बसली की खालच्या बायकांचे नियम बदलतात, हे ध्यानात घे.

आणि सगळं नीट बघूनही यंदा नाहीच जमत असं ठरलं, तर त्यात कमीपणा नाही. फक्त "पुढे बघू" म्हणू नकोस. कुठल्या वर्षी बसणार ते वहीत लिही, आणि तोवर कर्जाचं टेबल सोडू नकोस.

झालीस मॅनेजर, की पहिले काही आठवडे फार कठीण जातात, त्याचीही तयारी ठेव. हेड कॅशियर तुझ्या वडिलांच्या वयाचे असतील. कालपर्यंत बरोबर डबा खाणारी मैत्रीण आज रजेचा अर्ज घेऊन समोर उभी राहील. वयाचा मान पुरा ठेव, पण निर्णय तुझाच असू दे. चूक सांगायची ती केबिनमध्ये, दार लावून. कौतुक करायचं ते सगळ्यांसमोर, हॉलमध्ये. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाशी दहा मिनिटं एकटं बोल: कुठलं काम आवडतं, कुठलं अवघड जातं, घरी काय अडचण आहे. शिपायाला विसरू नकोस, गावाची खडान्‌खडा माहिती त्याच्याकडे असते. बाई म्हणून शाखेची आई व्हायचा मोह होईल, सगळ्यांचं उरलेलं काम आपणच उरकून टाकायचा. ते करू नकोस. काम शिकवायला लागणारा वेळ हा तुझ्या कामाचाच भाग आहे. संवेदनशील जागांवरच्या अधिकाऱ्यांना वर्षातून किमान १० कामकाजाचे दिवस, आधी न कळवता, सक्तीच्या रजेवर पाठवायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो गैरप्रकार उघडकीला यावेत म्हणून केलेला आहे, पण त्यातून तुझी परीक्षाही होते. तू नसताना ते दहा दिवस शाखा सुरळीत चालली, तर समज की तुला माणसं तयार करता आली.

आणि लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा आता तुला तक्रारदार म्हणून नव्हे, प्रमुख म्हणून माहीत हवा. तुझ्या बँकेची अंतर्गत समिती कुठे आहे, तक्रार कशी जाते, हे शाखेतल्या प्रत्येक मुलीला तू स्वतः सांग. ते कुणी आपणहून विचारत नाही.

शेवटचं एक मागणं आहे, आणि ते माझ्यासाठी आहे असंच समज. तुझ्या शाखेत पुढे कधीतरी एक नवी मुलगी रुजू होईल. ती मन लावून काम करेल, हळू बोलेल, आणि सगळे तिला लगेच खाती उघडायच्या टेबलावर बसवायला निघतील. त्या दिवशी काम वाटून देणारी तू असशील. तिला पहिल्याच वर्षी कर्जाचं टेबल दे, आणि पहिल्या पाहणीला तिला बरोबर घेऊन जा. तिला ते मागावं लागू नये, एवढं कर.